मुकीला झोपवताना

"उतरतेस ना?" माझा शेजारी बायकोला म्हणाला.

"उतरते की. आधी पिशवी द्या," वहिनी म्हणाल्या.

त्याने सीटमागून विणकामाची पिशवी काढून दिली. मग खिशातली ट्रकची किल्ली काढून पिशवीत टाकली. वहिनींनी दाराचा दांडा धरला, उजवा पाय खाली सोडला, मग डावा, आणि दोन्ही पाय रस्त्याला टेकल्यावर थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. गुडघ्यांची परवानगी घेत असाव्यात. थंडीतली सकाळ होती, दोन्ही बाजूंनी उघडं माळरान आणि अंगाला टोचणारा वारा. पलीकडून जाणाऱ्या एका डिझेल ट्रकच्या ड्रायव्हरने मुद्दाम हॉर्न वाजवला.

"वहिनी, द्या इकडे. मी जातो," मी म्हणालो.

"तुम्ही? चष्म्याची काच फुटलीय तुमची. कुठेतरी खड्ड्यात पडाल, आणि मग शोधायला मीच. राहू द्या भाऊजी."

आणि त्या निघाल्या. नारिंगी टोपी, हातात पिशवी, किंचित डावीकडे झुकत. ही त्यांची नेहमीची चाल नव्हती, पण त्याने तिकडे बघितलं नाही. त्याने ट्रकच्या बॉनेटला कान लावला होता.

हे सगळं काय चाललं होतं, ते सांगितलं पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा पुन्हा फेकतोय. मी फेकतो, ते आमच्या गल्लीला माहीत आहे. माझ्या डिझेल ट्रकच्या आवाजाने एकदा समोरून येणाऱ्या सायकलवाल्याचा दुखरा दात पडला होता आणि तो तिथूनच माघारी वळला, दवाखान्यात जायची गरजच उरली नाही. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे आणि दर वेळी तो दात थोडा मोठा होत गेला आहे. पण मुकीच्या बाबतीत फेकावं लागत नाही. तिची खरी हकीकतच कुणाला खरी वाटत नाही.

मुकी म्हणजे माझ्या शेजाऱ्याचा विजेवरचा ट्रक. कंपनीने पहिल्यांदा जे मोजके ट्रक काढले, त्यातला. आवाज नाही, धूर नाही, म्हणून मुकी, आणि हा मुकीवाला. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागेल. तिला त्याची गरजच पडत नाही, ती 'अहो' म्हणते.

मुकीला एक खोड होती. चालता चालता मध्येच तिचं डोकं फिरायचं. समोरच्या पडद्यावर पिवळं कासव यायचं, मग पडदा काळा, आणि ट्रक जिथे असेल तिथे दगड. तिच्या पोटात म्हणे कितीतरी छोटे कॉम्प्युटर. ते सगळे एकदा शांत झोपले आणि पुन्हा उठले की सगळं ठीक. पण किल्ली जवळपास असेपर्यंत ते झोपत नसत. ही किल्ली चावीसारखी फिरवायची नाही, नुसती जवळ असली तरी गाडी जागी राहते. बाप घरात असला की पोरं कशी डोळे मिटून पडतात पण झोपत नाहीत, तसं. मग उपाय एकच. किल्ली घेऊन कुणीतरी चांगलं दोन विजेचे खांब ओलांडून लांब जायचं, तिथे बसायचं, आणि अर्ध्या तासाने परत यायचं. तेवढ्या वेळात दार उघडायचं नाही, ट्रकला हलवायचं नाही. झोप लागली की बॉनेटखाली 'टक्' असा बारीक आवाज येई.

लांब जायचं काम वहिनींचं. पहिल्या वर्षी त्या गंमत म्हणून सोबत जायच्या. दुसऱ्या वर्षापासून त्यांच्याशिवाय ट्रक गावाबाहेर निघेना. जिथे मुकी थांबे तिथून त्या चालू लागत, एखादा दगड, कठडा, मैलाचा खांब शोधत, ट्रककडे पाठ करून बसत आणि सुया काढत. पाठ कशाला, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बघत बसलं की वेळ जात नाही. आणि तिलाही लाज वाटत असेल हो." आमच्या गल्लीत असं घर नाही जिथे मुकीच्या बंद पडण्यातून विणलेली एक तरी वस्तू नाही. माझा मफलर पुलावरचा आहे. समोरच्या बाळाचे मोजे टोलनाक्यावरचे. शिंपिणीचं जाकीट एका घाटातलं, पूर्ण. म्हणजे त्या घाटात मुकी किती वेळा झोपली असेल, ते तुम्हीच ताडा.

"ही पहिली आहे," मुकीवाला म्हणायचा. "पहिल्यांनीच त्रास काढायचा असतो. आता जो नवा ट्रक निघालाय ना, त्याला झोपवावं लागत नाही. का नाही लागत? आम्ही झोपवला म्हणून. आम्ही दर वेळी कंपनीला कळवलं, इथे थांबली, तिथे थांबली. त्यावरनं ते शिकले."

"मग त्यांनी नव्या ट्रकवर तुझा फोटो लावायला पाहिजे," मी म्हणायचो.

"हस तू. तुझ्या डिझेलने काय शिकवलं जगाला? खोकायला."

कंपनीच्या या पहिल्या ट्रकांच्या मालकांचं एक मंडळच झालं होतं. त्यांच्यात एक रीत होती. कुणाची गाडी अगदीच बसली आणि दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर घालून न्यायची वेळ आली, तर ती उघडी न्यायची नाही. जवळचा मालक हातातलं काम टाकून ताडपत्री घेऊन धावायचा आणि तिला आधी पूर्ण झाकायचा. का, तर डिझेलवाल्यांनी बघू नये. पण झाकल्यामुळेच सगळ्यांना कळायचं. आम्ही हॉटेलात बसून बघायचो आणि एकमेकांना विचारायचो, "कोण गेलं रे?"

पण तो त्या ट्रकवर का जीव टाकायचा, ते मला माहीत होतं. अंडी उबवणाऱ्या हॅचरीतून एक दिवसाची कोंबडीची पिल्लं शेतांवर पोचवायची, हे त्याचं काम. आधी तो डिझेलवरच होता. हादरे, धूर, घरघर. पोचेपर्यंत दर पेटीत काही पिल्लं कोपऱ्यात चिरडून गेलेली असत. ती तो खाली उतरून निमूट एका पिशवीत भरायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. मुकी घेतल्यावरच्या पहिल्या खेपेला त्याने शेतावर जाऊन मागचं दार उघडलं, तर आत अगदी शांत. एक चिवचिव नाही. त्याला वाटलं सगळी गेली. त्याने एका पेटीचं झाकण उचललं. पिल्लं झोपली होती. सगळी. झाकण उचलल्यावर एकाने डोळा उघडला, मग दुसऱ्याने, आणि मग सगळ्या पेट्या एकदम बोलायला लागल्या. हे सांगताना तो आजही मध्येच थांबून नाक ओढतो. अशा गाडीला चार शिव्या दिलेल्या त्याला खपत नसत, यात नवल काय?

आता मात्र गोष्टी निकरावर आल्या होत्या. हॅचरीच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "पिल्लांच्या दोन खेपा गारठून मेल्या. तिसरी मेली तर मी ट्रक बदलीन. मला वाईट वाटेल, पण बदलीन." कंपनीनेही कळवलं होतं की ते पहिले ट्रक परत द्या, त्या बदल्यात नवा सवलतीत घ्या, महिनाअखेरनंतर यांचे सुटे भाग मिळणार नाहीत. मंडळातल्या बहुतेकांनी दिले होते. याने नाही. आणि तिसरी गोष्ट वहिनींचे गुडघे. डॉक्टरांनी त्यांना खडबडीत रस्त्याने चालू नका म्हणून बजावलं होतं.

"देऊन टाका आता," वहिनी म्हणाल्या होत्या. ते मी खिडकीतून ऐकलं. आमच्या खिडक्या समोरासमोर आहेत आणि कान माझे अजून शाबूत आहेत.

"देईन. एवढी थंडी जाऊ दे. तिला आत्ता सोडलं तर बरं दिसणार नाही."

"कुणाला बरं दिसणार नाही?"



तर त्या दिवशी मी शहरात चष्मा करायला म्हणून त्यांच्याबरोबर निघालो, आणि माळरानावर कासव आलं.

मागे पिल्लांच्या पेट्या रचलेल्या. त्यांना ऊब देणारा पंखा ट्रकच्याच विजेवर चालायचा, तोही बंद. दार उघडलं तर मुकी जागी होणार, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून वारा अडवायचा, एवढंच हातात होतं.

"ताडपत्री काढ," तो म्हणाला. ती चाकांजवळच्या बाहेरच्या पेटीत होती. "हळू. ट्रकला धक्का नको."

आम्ही दोघांनी ताडपत्री ट्रकच्या पाठीभोवती गुंडाळायला घेतली. एरवी ती लाज झाकायला होती, आज उबेला. वारा असा की एक टोक बांधावं तर दुसरं तोंडावर येऊन फटकारे मारत होतं. दोरी बांधताना माझी बोटं बधिर झाली. मी चेष्टा करायला तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं. तो पत्र्याला कान लावून आतली चिवचिव ऐकत होता.

"बोलतायत अजून," तो म्हणाला. "बोलतायत तोवर ठीक आहे. थंडी वाजली की मोठ्याने बोलतात. गप्प झाली की समजायचं."

"वहिनी पोचल्या का रे?"

"पोचली असेल. तिला काय सांगावं लागतं?"

मी तिकडे बघितलं. माझ्या फुटक्या काचेतून मला लांब, रस्त्याखालच्या मोरीच्या पलीकडे, नारिंगी ठिपका दिसला. खाली, जमिनीलगत. हलत नव्हता. बसल्या असतील, म्हणून मी पुन्हा दोरीकडे वळलो.

मग आम्ही थांबलो. तो बॉनेटला कान लावून, मी ताडपत्रीचं सुटणारं टोक धरून. पुष्कळ वेळाने 'टक्' झालं. त्याचा चेहरा उजळला.

"झोपली. आता थोडा वेळ गाढ झोपू दे, म्हणजे मग शेतापर्यंत त्रास नाही देणार."

"पिल्लं?"

"तेवढा दम काढतील. अर्धवट उठवली तर पुढच्या चढाला पुन्हा बसेल ही. मला माहितेय ना."

त्याला माहीत होतं, म्हणूनच आम्ही थांबलो. सगळा वेळ, नेमाने. मग त्याने तोंडाशी हात धरून हाक मारली, "अगं, ये आता."

ठिपका हलला नाही.

"टाका पुरा करत असेल," तो म्हणाला. त्याने पुन्हा हाक मारली. मग गंमत म्हणून, "मुकी उठलीय, जाईल बघ तुला सोडून," असं ओरडला. वाऱ्याने ते कुठल्या कुठे नेलं. आत चिवचिव बारीक झाली होती.

मी म्हणालो, "अरे, पिशवी कुठेय त्यांची?"

"म्हणजे?"

"मला नीट दिसत नाही. तूच बघ. पिशवी त्यांच्याजवळच आहे का?"

त्याने तेव्हा बघितलं. पहिल्यांदा, त्या अख्ख्या वेळात. आणि तो पळत सुटला. या वयात त्याला मी पळताना बघितलं नव्हतं. पळणं कसलं, अंग पुढे आणि पाय मागे राहिलेले.

वहिनी मोरीच्या कडेने उतरताना घसरल्या होत्या. पाय दोन दगडांत अडकून पिरगळलेला, पिशवी चार हातांवर पडलेली, आणि त्या तिथेच जमिनीवर, ट्रककडे पाठ करून. पहिल्यांदा त्यांनी हाका मारल्या होत्या म्हणे. वारा उलटा होता. मग त्या गप्प बसल्या.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता.

"मागे वळून हात तरी करायचा ना."

"वळता येत नव्हतं," वहिनी म्हणाल्या. ओठ निळे झाले होते. "आणि म्हटलं, झोपतेय तर झोपू द्यावी. मी हाका मारून तुम्ही पळत आलात, ताडपत्री सुटली, तर पिल्लं जातील. ती तिसरी खेप."

त्याने त्यांना पाठीवर घेतलं. मी पिशवी उचलली, किल्ली शोधून पुन्हा आत टाकली आणि पिशवी वहिनींच्या हातात दिली. त्यांनी ती मागितली, म्हणून.

आम्ही असे तिघं ट्रककडे निघालो. पहिल्या खांबाजवळ आलो आणि मुकीचे दिवे लागले. आपोआप, समोरचे दोन्ही. किल्ली जवळ आली की ती असेच डोळे उघडायची. आत पंखा सुरू झाल्याचा आवाज आला.

"बघा," वहिनी त्याच्या पाठीवरून म्हणाल्या. "ओळखते मला."

त्याची चाल तिथे एकदा चुकली.

त्या दिवशी मुकी अशी धावली की काय सांगू. चढावर नाही, उतारावर नाही, कुठेच कुरकुर नाही. घरात काहीतरी फोडून ठेवलेलं पोर कसं आईच्या पुढेपुढे करतं, तशी. आम्ही थेट दवाखान्यात गेलो. पिल्लांचा आवाज ऐकून अपघात विभागातली नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "यांना कुठे आणलंत? आम्ही फक्त माणसांना बघतो." एरवी मी यावर तासभर बोललो असतो.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पाय बघितला, फोटो काढला. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, आणि गुडघा तर आधीच गेलेला.

"थंडीत किती वेळ बसल्या होत्या अशा?"

"ती झोपेपर्यंत," तो म्हणाला.

"कोण झोपेपर्यंत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी गोष्ट सांगायची संधी देत होतं आणि मी एवढंच म्हणालो, "आमची एक गाडी आहे." डॉक्टरांनी मान हलवली आणि पायाकडे वळल्या.

पिल्लं आम्ही उशिरा पोचवली. बरीचशी वाचली, बरीचशी नाही. त्याने मेलेली पिशवीत भरली, जुन्या दिवसांसारखी. हॅचरीच्या बाई रागावल्या नाहीत, त्याचं त्याला जास्त लागलं. पुढच्या आठवड्यात पिल्लं दुसऱ्या ट्रकमधून जाऊ लागली.

घरी त्याने वहिनींना खिडकीपाशी खाट करून दिली, भाकरी भाजायला लागला, करपवायला लागला. मुकी दारात उभी. तो रोज तिच्या काचा पुसायचा, पण आत बसायचा नाही. एकदा मी म्हणालो, "चल, फेरी मारून येऊ."

"आणि थांबली तर?" तो म्हणाला. "किल्ली घेऊन लांब कोण जाणार?"

"मी आहे ना."

"तू म्हणजे ती नाहीस," तो म्हणाला, आणि पुसत राहिला.

महिनाअखेरीला, त्याने कळवल्यावरून, कंपनीचा माणूस मुकीला न्यायला मोठी गाडी घेऊन आला. दुपारची वेळ. चांगला माणूस होता, हातमोजे घातलेला, फार न बोलणारा. मुकीवाल्याने स्वतः मुकीला गल्लीत वळवून त्या गाडीच्या उतरत्या फळीसमोर आणलं. पुढची चाकं फळीला लागली आणि पडद्यावर पिवळं कासव आलं. मग काळा पडदा.

कंपनीचा माणूस पुढे झाला. मुकीवाल्याने त्याला हातानेच थांबवलं.

"धक्का नका देऊ. झोपवावी लागते. मी येतो जाऊन."

तो खाली उतरला. खिडकीतून वहिनींनी हात बाहेर काढला.

"ही घेऊन जा," त्या म्हणाल्या. पिशवी होती, सुयांसकट. "रिकाम्या हाताने बसवत नाही तिथे."

"मला कुठे येतं?"

"धरून बसा नुसती."

तो किल्ली पिशवीत टाकून निघाला. गल्ली संपते तिथे, दोन खांबांपलीकडे, पाण्याच्या टाकीचा कठडा आहे. त्यावर तो आमच्याकडे पाठ करून बसला. पिशवी मांडीवर.

कंपनीच्या माणसाने थोडा वेळ वाट बघितली. मग मला विचारलं, "कुठे गेले ते?"

मी सांगितलं.

"त्याची गरज नाही," तो म्हणाला. "आम्ही तारेने ओढून घेतो. उद्या हिची बॅटरी काढतील, बाकीचा पत्रा भंगारात. किल्ली लागणारच नाही. बोलवा त्यांना."

मी खिडकीकडे बघितलं. वहिनींनी ऐकलं होतं.

"नका बोलवू," त्या म्हणाल्या. "बसू द्या."

मग कंपनीच्या माणसाने तार अडकवली आणि मुकी वर चढायला लागली. कधी आवाज केला नव्हता, आताही केला नाही. चढवून झाल्यावर तो साखळ्या लावत होता तेव्हा मी मुकीवाल्याच्या पडवीतून ताडपत्री आणली.

"ही कशाला?" कंपनीच्या माणसाने विचारलं.

"अशीच न्यायची असते," मी म्हणालो. "उघडी नाही नेत."

मी आयुष्यभर डिझेल चालवलं. पण चारही कोपरे मी बांधले, कुठूनही पत्रा दिसणार नाही असे. त्याने मला मदत केली आणि काही विचारलं नाही. मग गाडी पलीकडच्या तोंडाने गल्लीबाहेर गेली.

मुकीवाला बसलाच होता. पुरा वेळ, नेमाने. कुणी हाक मारली नाही. शेवटी आपणहून उठला, कपडे झटकले आणि घराकडे चालू लागला.

माझा चष्मा तोवर नवा झाला होता, लांबचं सगळं लख्ख दिसत होतं. एखाद्या दिवशी हा तोटाच असतो. तो खाली बघत येत होता. पहिल्या खांबाशी पोचला, जिथून तिला किल्लीची चाहूल लागायची आणि दिवे लागायचे. तिथे तो थांबला. पिशवी किंचित पुढे धरून, मान वर करून, थोडा वेळ उभा राहिला.

मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उरलेला रस्ता चालत आला.